पडताळणी अहवालात दुसऱ्याचा खटला माझ्या नावावर दाखवला आणि नोकरी हातची गेली. नुकसानभरपाई मागता येईल का?

प्रश्न : क्वालिटी इंजिनिअर, सिडको, नाशिक

नमस्कार. मी ७ वर्षे सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करीत होतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये गोंदे येथील एका मोठ्या कंपनीने मला ऑफर लेटर दिले. पगारात दरमहा १६,००० रुपयांची वाढ होती, म्हणून मी राजीनामा दिला, नोटीस कालावधी पूर्ण केला आणि १५ डिसेंबरला रुजू होण्याच्या तयारीत होतो. २ डिसेंबरला पडताळणी संस्थेचा अहवाल कंपनीकडे गेला आणि ९ डिसेंबरला एचआर विभागाने दोन ओळींचा ई-मेल पाठवून ऑफर मागे घेतली. मेलमध्ये कारण लिहिलेले नव्हते. तीन वेळा फोन केल्यावर तेथील एका सद्गृहस्थांनी एवढेच सांगितले की न्यायालयीन नोंदींच्या तपासणीत लाल शेरा आला आहे. पुष्कळ विनंत्यांनंतर त्यांनी मला अहवालाचे ते एक पान पाठवले.

त्या पानावर माझा फोटो आहे, माझी जन्मतारीख आहे आणि खाली जिल्ह्यातील एका तालुका न्यायालयातील २०१९ चा फौजदारी खटला नोंदवला आहे : भारतीय दंड संहितेची कलमे ३२३, ५०४ आणि ५०६, स्थिती प्रलंबित. पुढे तीन रकाने आहेत. 'नाव जुळले', 'वडिलांचे नाव जुळले', 'पत्ता : जिल्हा जुळला'. माझे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव ही तिन्ही आपल्या भागात अतिशय प्रचलित आहेत. माझ्याच शाळेत माझ्या संपूर्ण नावाचा आणखी एक विद्यार्थी होता. मी त्या न्यायालयात जाऊन चौकशी केली, कारण देऊन नकलेचा अर्ज केला आणि दोषारोपपत्राची प्रमाणित प्रत मिळवली. त्यातील आरोपी खटल्याच्या वेळी ५२ वर्षांचे शेतकरी होते. मी तेव्हा २५ वर्षांचा होतो आणि त्या गावात मी कधी राहिलेलो नाही.

पडताळणी संस्थेला मेल केला तर 'आम्ही केवळ आमच्या ग्राहक कंपनीशी पत्रव्यवहार करतो' असे उत्तर आले. जुन्या कारखान्यात माझ्या जागी दुसरी व्यक्ती नेमली गेली आहे. डिसेंबर आणि जानेवारी हे दोन्ही महिने पगाराविना गेले, गृहकर्जाचा एक हप्ता चुकला आणि घरी आईवडिलांना हे सांगताना मला जे वाटले ते येथे लिहिणे मला जमणार नाही. अहवाल दुरुस्त व्हावा आणि झालेले नुकसान भरून मिळावे, एवढीच माझी अपेक्षा आहे. यासाठी कोणता मार्ग आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : वकील, जिल्हा न्यायालय, नाशिक

आपण सर्वांत महत्त्वाचे काम आधीच केले आहे, ते म्हणजे दोषारोपपत्राची नक्कल मिळवली. पुष्कळ लोक पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र आणतात आणि तेवढे पुरेल असे समजतात. ते प्रमाणपत्र उपयोगी आहे, आपणही ते काढून ठेवावे. परंतु 'हा विशिष्ट खटला या विशिष्ट माणसाचा नाही' हे त्यातून सिद्ध होत नाही. आरोपीचे वय आणि गाव दाखवणारा न्यायालयाचा कागद ते सिद्ध करतो.

आता मुख्य मुद्दा. अहवालाची दुरुस्ती आणि नुकसानभरपाई या दोन वेगळ्या मागण्या आहेत आणि दुसरीची मुदत फार थोडी आहे. लेखी बदनामीबद्दल भरपाईचा दिवाणी दावा करायचा असेल तर मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद ७५ प्रमाणे मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. 'प्रसिद्ध' याचा अर्थ वर्तमानपत्रात छापून येणे असा नाही. आपल्याखेरीज एका तिसऱ्या व्यक्तीच्या हाती तो मजकूर गेला, की कायद्याच्या दृष्टीने तो प्रसिद्ध झाला. आपल्या बाबतीत ती तारीख २ डिसेंबर २०२५ आहे. संस्थेशी पत्रव्यवहार चालू आहे, नोटीस पाठवली आहे, ते 'बघतो' म्हणाले आहेत, यांपैकी कशानेही ही मुदत वाढत नाही. माझ्याकडे आलेल्या अशा पक्षकारांपैकी निम्म्याहून अधिक जणांना मला मुदतीच्या कारणाने परत पाठवावे लागले आहे आणि त्याचे मला दर वेळी वाईट वाटते.

दावा कोठे करायचा, हेही आपल्या सोयीचे आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १९ नुसार व्यक्तीवर झालेल्या अन्यायाबद्दलचा दावा जेथे तो अन्याय घडला तेथे किंवा जेथे प्रतिवादी राहतो अथवा व्यवसाय करतो तेथे करता येतो. संस्थेचे कार्यालय मुंबईत किंवा बंगळुरूत असले तरी अहवाल गोंदे येथील एचआरने उघडून वाचला असेल तर आपल्याला नाशिक जिल्ह्यातच दाद मागता येईल. त्यासाठी अहवाल कोणत्या मेलवर आणि कोणत्या कार्यालयात गेला, याचा पुरावा जपून ठेवा.

संस्था दोन बचाव घेईल. पहिला असा, की माहिती न्यायालयाच्या सार्वजनिक संकेतस्थळावरून घेतली आणि ती खरी आहे. यात तथ्य नाही. खटला खरा आहे, पण तो आपला आहे हे विधान खोटे आहे आणि तेच विधान आपला फोटो लावून केले गेले. दुसरा बचाव वजनदार आहे : ज्याला माहिती मिळण्यात रास्त हितसंबंध आहे अशा मालकाला कर्तव्य म्हणून सद्भावनेने दिलेल्या माहितीला मर्यादित विशेषाधिकाराचे संरक्षण असते. हे संरक्षण दुष्ट हेतू सिद्ध झाल्यास गळून पडते, आणि खरेखोटे काय याची पर्वाच न करणे हा त्या हेतूचा पुरावा मानला जातो. म्हणूनच दुरुस्तीची मागणी करणारे पत्र दाव्याचा पायाही ठरते. वय आणि पत्ता दाखवणारी नक्कल संस्थेच्या हाती पडल्यानंतरही तिने अहवाल तसाच ठेवला, तर त्या दिवसापासून 'आम्हाला माहीत नव्हते' हे म्हणणे तिला शक्य होणार नाही. पत्र आणि नकलेची प्रत स्पीड पोस्टाने पाठवा, पोहोच मिळाल्याचा कागद काढून ठेवा आणि तोच मजकूर मेलनेही पाठवा.

निष्काळजीपणाच्या कारणावरही दावा मांडता येतो आणि त्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत धरली जाते. परंतु ज्याच्याशी आपला करार नाही अशा संस्थेकडून केवळ आर्थिक नुकसानीची भरपाई निष्काळजीपणाखाली मिळवणे कठीण आहे. तो मुद्दा जोडीला असावा. त्याच्या भरवशावर वर्ष घालवू नये.

फौजदारी फिर्यादीबद्दल बरेच जण विचारतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची फिर्याद दंडाधिकाऱ्यांकडे करता येते. तिचा उद्देश शिक्षा हा आहे आणि तेथे आपल्याला हेतू किंवा जाणीव दाखवावी लागेल. गेलेला पगार परत मिळवण्याचा तो रस्ता नाही.

नवीन डेटा संरक्षण कायद्याविषयीही स्पष्ट लिहितो, कारण त्यावर लोकांच्या फार आशा आहेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ८(३) मध्ये असे म्हटले आहे की ज्या माहितीच्या आधारे एखाद्या व्यक्तीवर परिणाम करणारा निर्णय होणार आहे किंवा जी दुसऱ्या संस्थेला दिली जाणार आहे, ती पूर्ण, अचूक आणि सुसंगत असल्याची खातरजमा केली पाहिजे. कलम १२ मध्ये दुरुस्तीचा हक्क आहे. आपल्या प्रकरणाला या तरतुदी अगदी चपखल बसतात. परंतु नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असले तरी या मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी अमलात येणार आहेत. शिवाय या कायद्याखाली होणारा दंड भारताच्या एकत्रित निधीत जमा होतो. ज्याचे नुकसान झाले त्याच्या हाती त्यातले काही येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ मध्ये भरपाईची तरतूद आहे, पण ती संवेदनशील वैयक्तिक माहितीपुरती आहे आणि २०११ च्या नियमांतील त्या यादीत पासवर्ड, आर्थिक माहिती, आरोग्य, बायोमेट्रिक अशा गोष्टी आहेत. गुन्हेगारी नोंद त्यात नाही. थोडक्यात, आज तरी आपले हत्यार जुना दिवाणी दावाच आहे.

ग्राहक आयोगाचा मार्ग मी नाकारत नाही. मात्र पडताळणीचे पैसे कंपनीने दिले, आपण नाही. त्यामुळे आपण त्या सेवेचे लाभार्थी आहात की नाही, यावरच पहिली वर्षभर लढाई होईल.

नुकसान किती मागायचे, याचाही विचार करा. कोर्ट फी दाव्याच्या रकमेप्रमाणे भरावी लागते, म्हणून रागाच्या भरात कोटीचा आकडा लिहू नये. ऑफर लेटरमधील पगार, जुन्या पगाराच्या पावत्या, राजीनामा आणि तो स्वीकारल्याचे पत्र, चुकलेल्या हप्त्याबद्दल बँकेने लावलेला दंड, या काळात आपण केलेले नोकरीचे अर्ज, हे सर्व तारखेनुसार लावा. अर्ज विशेषतः जपा, कारण नुकसान कमी करण्यासाठी आपण काय प्रयत्न केले हे न्यायालय विचारेल. लेखी बदनामीत प्रतिष्ठेची हानी गृहीत धरली जाते; पैशाचे प्रत्यक्ष नुकसान मात्र कागदाने दाखवावे लागते.

उत्तर २ : पूर्वी पडताळणीच्या कामात होते, इंदिरानगर

मी सहा वर्षे याच क्षेत्रात काम केले आहे, म्हणून ही चूक कोठे होते ते सांगू शकते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने खटला शोधता येतो. तेथे नाव दिसते, कधी पत्ता दिसतो, पण जन्मतारीख नसते. त्यातून मराठी नावे रोमन लिपीत लिहिताना एकाच आडनावाची तीन-चार स्पेलिंग्ज होतात, म्हणून शोधताना मिळतेजुळते उच्चारही धरले जातात आणि एका नावामागे नोंदींची लांबलचक यादी येते. त्या यादीतून कोणती नोंद उमेदवाराची, हे शेवटी एक माणूस ठरवतो आणि त्याच्या टेबलावर दिवसभरात उरकायच्या फायलींचा गठ्ठा असतो.

आपल्याकडे मधले नाव वडिलांचे असल्यामुळे तीन नावे जुळली की 'हाच तो' अशी समजूत होते. परराज्यातील कर्मचाऱ्याला तर तीन नावे जुळणे म्हणजे पक्का पुरावा वाटतो. नाशिक, निफाड, सिन्नर या पट्ट्यात एकाच नावाचे किती जण सापडतात, याची त्याला कल्पना नसते. योग्य पद्धत अशी आहे की केवळ नावे जुळली तर ती 'संभाव्य जुळणी' म्हणून ठेवायची, एफआयआर किंवा दोषारोपपत्र मागवून वय आणि पूर्ण पत्ता पाहायचा आणि मगच लाल शेरा मारायचा. आपल्या अहवालात 'जिल्हा जुळला' एवढ्यावर लाल शेरा आहे. हे वाचून मला खरोखर राग आला, कारण एफआयआर मिळवणे आता अवघड राहिलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये, संवेदनशील गुन्हे वगळता, एफआयआर संकेतस्थळावर टाकण्याचे निर्देश दिले होते आणि २०१९ चा गुन्हा त्यानंतरचा आहे.

पत्रात 'माझा अहवाल चुकीचा आहे' एवढेच लिहिले तर ते ग्राहक सेवेकडे जाऊन पडते. त्याऐवजी नेमके विचारा : शोध कोणत्या तारखेला आणि कोणत्या स्रोतावर घेतला, खटल्याचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक कोणता, कोणत्या बाबी जुळल्या आणि वय तपासले होते की नाही. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना लेखी द्यावे लागले तर पुढचे बरेच काम तेथेच होते. आपण कंपनीला दिलेल्या संमतीपत्राची प्रतही मागा. त्यात संस्थेचे नाव असेल तर 'आमचा तुमच्याशी संबंध नाही' हे म्हणणे टिकणार नाही.

आणि नव्या ठिकाणी अर्ज करताना हा प्रकार मुलाखतीनंतर लगेच, नकलेसह, आपणहून सांगा. तीच नोंद पुढच्या शोधातही दिसणार आहे.

उत्तर ३ : देवळाली गाव

माझा भाऊ अमेरिकेत असतो. तो म्हणाला की अशा प्रकरणात कंपनीने निर्णय घेण्यापूर्वी अहवालाची प्रत देणे बंधनकारक आहे आणि चुकीच्या अहवालाबद्दल ठरावीक भरपाईही मिळते. आपणही त्या कायद्याचा दाखला द्यावा असे सुचवतो.

वकील, जिल्हा न्यायालय, नाशिक

आपल्या बंधूंचे म्हणणे तेथील कायद्यापुरते बरोबर आहे. अमेरिकेत १९७० पासून फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अ‍ॅक्ट आहे. त्यानुसार प्रतिकूल निर्णयाआधी उमेदवाराला अहवालाची प्रत द्यावी लागते, हरकत घेतल्यावर संस्थेला साधारण ३० दिवसांत फेरतपासणी करावी लागते आणि जाणूनबुजून उल्लंघन केल्यास प्रत्यक्ष नुकसान सिद्ध न करताही १०० ते १,००० डॉलर भरपाई मिळू शकते. नाशिकच्या उमेदवाराला भारतातील नोकरीसाठी तो लागू होत नाही. इंटरनेटवर शोधले की पहिली दहा उत्तरे याच कायद्याची येतात आणि लोक त्यातील मसुदा उतरवून नोटीस पाठवतात. अशी नोटीस वाचताच समोरच्या पक्षाला कळते की या माणसाने वकील नेमलेला नाही.

उत्तर ४ : लेखा सहायक, नाशिकरोड

दादा, माझ्याबाबतीत चूक थोडी वेगळी होती, तरी सांगते. शेजाऱ्यांशी झालेल्या भांडणावरून २०१७ मध्ये माझ्यावर आणि माझ्या सासूबाईंवर गुन्हा दाखल झाला होता. २०१९ मध्ये लोकअदालतीत तडजोड होऊन प्रकरण मिटले. अशा तडजोडीचा परिणाम निर्दोष मुक्ततेसारखाच असतो, हे मला तेव्हाच वकिलांनी समजावून सांगितले होते. २०२३ मध्ये नोकरीच्या फॉर्मवर 'कधी गुन्हा दाखल झाला होता का' असा प्रश्न होता, तेथे मी खरे ते लिहिले आणि निकालाचा उल्लेखही केला. तरीही अहवालात 'प्रलंबित' असे आले, कारण तपासणाऱ्याने पहिली नोंद पाहिली आणि निकालाची पाहिलीच नाही.

मी पाच महिने त्यांच्या मागे लागले. निकालाची प्रमाणित प्रत घेऊन गेले, पोलिसांकडून लेखी घेतले, माहिती अधिकारात दहा रुपयांचे तिकीट लावून अर्ज केला आणि शेवटी दुरुस्त अहवाल मिळाला. तो कागद हातात आला तेव्हा मी बसस्टँडवर उभी राहून रडले. त्या आनंदात भरपाईचा विचार मागे पडला. नंतर दुसऱ्या कंपनीत लागले आणि सवड मिळाली तेव्हा वकिलांकडे गेले. चौदा महिने होऊन गेले होते. त्यांनी तारखा पाहिल्या आणि फाइल मिटवून माझ्याकडे सरकवली. माझे पाच महिन्यांचे उत्पन्न गेले ते गेलेच. म्हणून वकीलसाहेबांनी सांगितलेली एक वर्षाची गोष्ट तुम्ही आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

वकिलाच्या फीची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. महिलांना आणि अल्प उत्पन्न असलेल्यांना तेथे मोफत वकील मिळतो. मला हे वेळेवर कोणी सांगितले नव्हते.

प्रश्नकर्ता : क्वालिटी इंजिनिअर, सिडको

आपणा सर्वांचे मनापासून आभार. ताई, तुमचे उत्तर मी वडिलांना वाचून दाखवले.

इंदिरानगरच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे चारही प्रश्न विचारून मी पत्र पाठवले होते, सोबत नक्कल जोडली होती. बाराव्या दिवशी संस्थेकडून प्रथमच सविस्तर उत्तर आले. त्यांनी लिहिले आहे की 'अतिरिक्त कागदपत्रांच्या आधारे' नोंद काढून टाकून सुधारित अहवाल कंपनीला पाठवण्यात येईल. वय तपासले होते का, या प्रश्नाचे उत्तर नाही. सोबत एक पत्र सहीसाठी जोडले आहे. त्यात असे आहे की अहवाल दुरुस्त झाल्यामुळे माझी संस्थेविरुद्ध कोणतीही तक्रार किंवा मागणी उरलेली नाही आणि पुढेही मी ती करणार नाही. सही केलेले पत्र मिळाल्यावर सुधारित अहवाल 'प्रक्रियेत घेतला जाईल'. एचआरच्या सद्गृहस्थांनी फोनवर सांगितले की ती जागा भरली गेली आहे, पण एप्रिलमध्ये दुसरी जागा निघेल आणि सुधारित अहवाल असल्यास माझा विचार होईल. घरचे म्हणतात सही करून मोकळा हो. काय करावे?

वकील, जिल्हा न्यायालय, नाशिक

सही करू नये.

आपली घाई मला समजते आणि एप्रिलची जागा हातची जाऊ नये असेच मलाही वाटते, म्हणून दोन्ही गोष्टी साधतील असे सुचवतो. चुकीची नोंद काढून टाकणे हे संस्थेचे कर्तव्य आहे. त्यासाठी आपल्याकडून किंमत मागण्याचा तिला अधिकार नाही. त्यांच्या मेलला आजच उत्तर द्या : नोंद आपली नाही हे त्यांनी स्वतः मान्य केले आहे याची दखल घेतली, सुधारित अहवाल सात दिवसांत कंपनीला पाठवून त्याची प्रत आपल्याला द्यावी, आणि दुरुस्तीचा व आपल्या भरपाईच्या हक्काचा परस्परांशी संबंध नाही. मेलची भाषा सौम्य ठेवा. त्यांचे बाराव्या दिवसाचे उत्तर आणि सहीसाठी आलेले पत्र, दोन्ही छापून फाइलमध्ये लावा. नोंद चुकीची आहे हे कळल्यावरही दुरुस्ती अडवून धरली, हे दाखवणारा याहून चांगला कागद आपल्याला मिळाला नसता.

त्याच दिवशी गोंद्याच्या एचआरलाही वेगळा मेल करा. दोषारोपपत्राची नक्कल, चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र आणि संस्थेने चूक मान्य केल्याचा मेल जोडा, म्हणजे सुधारित अहवाल उशिरा आला तरी एप्रिलसाठी त्यांच्यासमोर वस्तुस्थिती असेल. नकलेतील त्या शेतकरी गृहस्थांचा घरचा पत्ता आणि फोन क्रमांक मात्र पाठवण्यापूर्वी झाका. वय आणि गाव दिसले तरी पुरे. कंपनीला प्रतिवादी करण्याची घाई नको. ऑफर पडताळणीच्या अटीवर होती, त्यामुळे तिच्याविरुद्धची बाजू लंगडी आहे, आणि अहवाल कोणाला व केव्हा मिळाला हे सांगणारा साक्षीदार आपल्याला तिच्याकडूनच हवा आहे.

संस्था रक्कम देऊन मिटवायला तयार झाली तर जरूर मिटवा. मात्र तेव्हा सही करायच्या कागदावर रक्कम, ती मिळण्याची तारीख आणि सुधारित अहवाल पाठवल्याची नोंद या तिन्ही गोष्टी असल्या पाहिजेत. तडजोडीची बोलणी ऑगस्टअखेरपर्यंत चालू द्या. तोवर काही हाती आले नाही तर सप्टेंबरमध्ये सर्व कागद घेऊन सीबीएसजवळ न्यायालयात या, किंवा आपल्या विश्वासातील वकिलांकडे जा, म्हणजे दावा तयार करून दाखल करायला नोव्हेंबरपर्यंत पुरेसा अवधी राहील.